पाण्याची कणगी

भात झोडून झालें कीं तें कणगींत भरावें आणि पुढें आषाढापर्यंत पुरवून खावें, हा व्यवहार कोंकणांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाहीं. पाण्याच्या बाबतींत मात्र हाच हिशेब त्यास साधलेला नाहीं. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. तेथें वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून, म्हणजे सुमारें १२० इंचांहून, अधिक पाऊस पडतो. शेजारच्या माथेरानच्या डोंगरावर तर त्याहूनहि पुष्कळ जास्त. असें असूनहि चैत्र-वैशाखांत कित्येक ठाकूरवाड्यांतील आणि कातकरीवाड्यांतील स्त्रिया डोक्यावर हंडा घेऊन दूरच्या झऱ्याची वाट धरतात, आणि कांहीं वाड्यांना टँकरची प्रतीक्षा करावी लागते. ज्या भूमीवर पर्जन्याची एवढी कृपा, तिच्याच घरीं तहान कां असावी?

या प्रश्नाचें उत्तर तेथील खडकांत आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. वाळूच्या थरांत पाणी जसें कणाकणांच्या मध्यें राहतें, तसें तें या पाषाणांत राहत नाहीं. भरीव कातळ पाणी जवळ जवळ घेतच नाहीं. घेतो तो वरचा कुजलेला मुरूम, बुडबुड्यांच्या भोंकांनीं सच्छिद्र झालेला थर आणि ठिकठिकाणच्या भेगा. असा थर पुरता भिजला तरी त्यांतून विहिरीस मोकळें मिळणारें पाणी त्याच्या आकारमानाच्या शेंकडा एक ते तीनच भरतें. म्हणजे ही कणगी मुळांतच लहान. आणि डोंगराचा उतार तीव्र असल्यामुळें ती गळकीहि आहे. पाऊस लागल्यावर थोड्याच आठवड्यांत ती तुडुंब भरते, पुढचा पाऊस वरच्यावर वाहून जातो, आणि आश्विन सरला कीं सांठलेलें पाणी उताराच्या बाजूनें ओढ्यांत पाझरूं लागतें. कार्तिक-मार्गशीर्षांत ओढ्याला जें निवळ, संथ पाणी दिसतें तें आकाशांतून आलेलें नवें पाणी नव्हे; तें कणगीतून गळणारें धान्यच होय.

पुराचें पाणी जमिनींत मुरवावें, असें पुष्कळांस सुचतें. परंतु त्या वेळीं जमिनींत जागा नसते, आणि गढूळ पाण्यांतील गाळ भेगांचीं तोंडें बंद करतो. हिवाळ्यांत या दोन्ही गोष्टी पालटतात. पाणी स्वच्छ झालेलें असतें, आणि जमिनींतील पातळी उतरूं लागल्यानें तेथें रोज थोडी थोडी जागा मोकळी होते. म्हणून उन्हाळ्याची बेगमी करावयाची तर तिचा खरा मोसम दसऱ्यानंतरचाच.

ही बेगमी किती लागते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चाळीस घरांची एक वाडी आहे, आणि घरटीं पांच माणसें आहेत असें धरूं या. ‘जल जीवन मिशन’च्या मापाप्रमाणें माणशीं रोज ५५ लिटर पाणी धरलें, तर उन्हाळ्याच्या १२० दिवसांत त्या वाडीस सुमारें १३ लाख लिटर पाणी लागेल. उलट एका हेक्टर जमिनीवर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तीन कोटी लिटर पाणी पडतें. तात्पर्य, वाडीची तहान एका हेक्टरावरील पावसाच्या विसाव्या हिश्शाहूनहि कमी आहे. ओढा हिवाळ्यांत सेकंदास एकच लिटर वाहत असला, तरी दोन महिन्यांत त्यांतून सुमारें ५२ लाख लिटर पाणी निघून जातें. त्यांतील तीन हिस्से निसटले आणि एकच हिस्सा जमिनीनें धरला, तरी वाडीचें जवळ जवळ भागेल. हें १३ लाख लिटर पाणी सांठण्यास, शेंकडा दोन या प्रमाणानें, तीन मीटर जाडीचा भिजूं शकणारा मुरूम सव्वादोन हेक्टर क्षेत्रांत असला म्हणजे पुरे. उघड्या तळ्यांतील पाण्याची उन्हांत वाफ होते. मुरुमांतलें पाणी त्या नाशापासून बहुतांशीं वांचतें.

येथें एक शंका सहज येईल. या तालुक्यांतून बारमाही नद्या वाहत असतांना एवढा खटाटोप कशाला? पाताळगंगा आणि पेज या नद्यांना उन्हाळ्यांतहि पाणी असतें, हें खरें. पण तें घाटावरून आलेलें आहे. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं आणून टाटांनीं १९१५ सालीं खोपोली येथें वीज काढण्यास प्रारंभ केला. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचें केंद्र १९२२ सालीं चालूं झालें. चक्रें फिरवून सुटलेलें हें पाणी खोपोलीस पाताळगंगेला व भिवपुरीस पेजेला, आणि पेजेतून उल्हासेला मिळतें. कर्जत तालुक्यांतील राजनाल्यावर उन्हाळी भात पिकतें तें याच पाण्यावर. परंतु त्यास ‘शिलकी’ म्हणणें जपूनच करावें लागेल. उल्हासेवर बदलापूर-कल्याणाकडील दाट वस्ती अवलंबून आहे, पाताळगंगेवर रसायनीकडील कारखाने. आणि मूळचें हें पाणी भीमेच्या खोऱ्याचें. शिवाय नदी वाहते खालीं आणि वाडी असते डोंगराच्या अंगावर. तिला आधार द्यावयाचा तो तिच्याच दारावरून जाणाऱ्या ओढ्यानें.

त्या ओढ्यास थोपविण्याचे मार्ग परिचित आहेत. पहिला वनराई बंधाऱ्याचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पाऊस संपतांच त्या ओढ्यांत आडव्या रचतात. खर्च थोडा, काम श्रमदानाचें. अडलेलें पाणी दोन्ही कांठांच्या मुरुमांत शिरतें व खालच्या विहिरीची पातळी टिकवितें. दुसरा मार्ग भूमिगत बंधाऱ्याचा. ओढ्याच्या पात्राखालीं वाळू-मुरुमाचा जाड थर असेल तेथें पक्क्या कातळापर्यंत चर खणून त्यांत चिकणमातीची किंवा काँक्रीटची भिंत घालतात. वरून कांहींच दिसत नाहीं, पण पात्राच्या पोटांतून निसटणारें पाणी जागच्या जागीं थांबतें. तिसरा मार्ग गळती बुजविण्याचा. १९७२ सालीं स्थापन झालेल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनें, पाणी पळवून नेणाऱ्या भेगांत विंधनछिद्रांतून सिमेंट भरण्याची रीत वापरांत आणली आहे. कणगीस बाहेरून शेण-माती लिंपावी, तसाच हा प्रकार.

जगांत इतरत्रहि हीच कल्पना चालूं आहे. ॲमस्टरडॅम शहर १९५७ पासून ऱ्हाइन नदीचें पाणी समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवून मग पिण्यास घेतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं गोट्या-वाळूचे जाड थर आहेत. त्यांत तापीचें पाणी मुरविण्याच्या योजनेसाठीं महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनीं मे २०२५ मध्यें करार केला. तथापि तेथील भूमि म्हणजे विशाल कोठार आहे, आणि कर्जत-खालापूरची भूमि म्हणजे वाडीवाडीची लहान कणगी. म्हणून येथें एक भव्य योजना उभारण्यापेक्षां शेंकडों लहान कामें नेमक्या जागीं करणें हेंच शहाणपणाचें. भरीव कातळावर बंधारा घातला, तर पाणी दिसेल पण मुरणार नाहीं. म्हणून आधीं भूगर्भाची पाहणी हवी. सांडपाणी मिसळलेला ओढा जमिनींत सोडूं नये, कारण भेगांतून शिरलेलें पाणी गाळलें जात नाहीं, आणि एकदां नासलेली विहीर लवकर सुधारत नाहीं.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र दगड-मातीची नाहीं. जमिनींतलें पाणी शेताचा बांध ओळखत नाहीं. वाडीनें श्रमदान करून मुरविलेलें पाणी शेजारच्या शेतघराची खोल कूपनलिका रातोरात उपसूं शकते. भिंत कितीहि पक्की असली तरी कणगींतून कोणीं, किती आणि केव्हां काढावें याचा नियम गांवानें ठरविला नाहीं, तर ती वैशाखापूर्वींच रिकामी होईल. यासाठीं फार मोठें यंत्र लागत नाहीं. एका दोरीनें मार्गशीर्षांत आणि पुन्हां फाल्गुनांत विहिरीचें पाणी मोजावें, तो आंकडा चावडीवर सर्वांना दिसेल असा लिहावा, आणि उरलेलें पाणी किती दिवस पुरवावयाचें तें सर्वांसमक्ष ठरवावें. धान्याच्या कणगीचा हिशेब घरची गृहिणी असाच ठेवते. पाण्याचा हंडाहि तिच्याच डोक्यावर असल्यामुळें हा हिशेब ठरवितांना तिचा शब्द पहिला असावा, हें उचितच होय.