कावीळनाशक यिनछेन : पाठ आणि द्रव्य

वैद्यकीय पोथीचा पाठ शुद्ध झाला म्हणजे त्यांतील औषधिही निश्चित झाली, असें आपण संशोधक पुष्कळदां धरून चालतों. हें गृहीत किती कच्चें आहे तें चीन देशांतील यिनछेन वनस्पतीच्या वृत्तान्तावरून दिसतें.

ही आपल्या दवण्याच्या जातीची वनस्पति. संस्कृत वैद्यकांत जिला कामला म्हटलें आहे त्या काविळीवर चिनी वैद्य ती फार प्राचीन काळापासून देत आले. इ. स. २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग यानें तिचा काढा सांगितला : यिनछेन ६ लियांग, रेवाचिनी २ लियांग व डिकेमालीच्या जातभाई झाडाचीं १४ फळें. त्याचा ग्रंथ युद्धांच्या धामधुमींत विस्कळित झाला. पुढें तो जुळविला गेला आणि १०६५ त दरबारी आज्ञेनें छापला गेला. त्यांतून तुटलेला एक भाग तर वांग चू नामक पंडितास राजग्रंथालयांत कसर लागलेल्या पोथ्यांत सांपडला. (आपल्यापैकीं किती जणांस त्याचा हेवा वाटेल, हें सांगावयास नको.) ७५२ मध्यें वांग थाओ यानें आणखी एक युक्ति नोंदविली : दररोज रात्रीं रोग्याच्या मूत्रांत पांढऱ्या वस्त्राचा तुकडा भिजवावा आणि पिवळा रंग उतरतो कीं नाहीं तें ताडून पाहावें. ही प्रयोगाची दैनंदिनीच होय.

पाठ असा भक्कम; पण वनस्पति खुडावी केव्हां? मूळ निघंटूंत मागाहून पडलेल्या भरींत पांचवा महिना व शरदाचा आरंभ हे काळ दिले आहेत. इ. स. ५०० च्या सुमारास थाओ हुंगचिंग यानें मूळ मजकूर तांबड्या व भर काळ्या शाईनें लिहिली; तुर्फान येथें मिळालेल्या व आतां बर्लिनमध्यें असलेल्या तुकड्यावर दोन्ही शाया अद्याप दिसतात. छापील ग्रंथांत तांबड्या शाईच्या जागीं काळ्या भूमीवर पांढरीं अक्षरें आलीं. तथापि पुढें वसंतांतील कोंवळे कोंब घेण्याची रूढि पडली.

हा भेद क्षुल्लक नव्हे. स्कोपॅरोन हें द्रव्य फुलोऱ्यावर आलेल्या झाडांत मुबलक असतें, कोंबांत अत्यल्प. कोंबांची ओळख क्लोरोजेनिक आम्लावरून पटते. चिनी औषधिसंहिता दोन्ही माल मान्य करते, परंतु कोंबांत हें आम्ल निदान ०·५ टक्के आणि शरदांतील मालांत स्कोपॅरोन निदान ०·२ टक्के मागते. २००४ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत यिनछेनयुक्त औषधानें उंदरांच्या रक्तांतील पित्तरंजक द्रव्य लवकर निघून गेलें. स्कोपॅरोन यकृतपेशींतील 'कार' नामक ग्राहकास चेतवितें, असेंही त्यांत आढळलें. तो ग्राहक नसलेल्या उंदरांत गुण आला नाहीं. काविळीचा रंग उतरणें म्हणजे यकृत बरें होणें नव्हे, हा विवेक मात्र वैद्यानें राखावा. चिनी वनस्पतींपैकीं होशौवूसारख्या कांहीं तर उलट यकृतासच अपाय करतात.

मग चांग चुंगचिंगच्या ६ लियांगांत कोंब होते कीं फुलोरा? माझा कल काळ्या शाईकडे आहे. ती भर मागाहूनची असली, तरी त्याच्या काळास वसंताच्या रूढीहून अधिक निकट आहे.