चेहरा एकाचा, हावभाव दुसऱ्याचे



आपल्या गावांत पूर्वी बहुरूपी येत असे. कधी फौजदार होऊन येई, कधी साधू होऊन. घटकाभर आपण फसत असू. पण वेष परका असला तरी चेहरा त्याचाच असे, आणि जाणती माणसे डोळ्यांवरून त्याला ओळखीत. आता जे नवे सोंग निघाले आहे ते नेमके उलट आहे. चेहरा ओळखीचा, आणि त्याला हलविणारा भलताच!

जानेवारी २०२४ मध्ये मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. तीत सचिन तेंडुलकर पैशांच्या एका खेळाची शिफारस करीत होते. आपली मुलगीही तो खेळते, असे सांगत होते. १५ जानेवारीला खुद्द सचिन यांनीच ती बनावट असल्याचे जाहीर केले, आणि मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गुन्हाही नोंदला गेला. मला ती बुलढाण्याच्या एस.टी. स्टँडवर एका कास्तकार गृहस्थांनी दाखविली होती. "सोता सचिन सांगून राह्यला ना, सर!" त्यांचे तरी काय चुकले? माणूस बोलताना दिसला की तोच बोलला, असे आपण जन्मभर मानीत आलो.

हे घडते कसे? शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात फळ्यावर दोन चेहरे काढावेत, एक लांबट, एक वाटोळा. भुवया, डोळ्यांचे कोपरे, ओठांची टोके येथे ठिपके द्यावेत. आता लांबट चेहऱ्याच्या ओठांची टोके बोटभर वर न्या, तो हसला. तेवढेच, पण वाटोळ्याच्या मापाने, दुसरीकडे करा, तोही हसला. हसू एकाचे, उमटले दुसऱ्याच्या तोंडावर. यंत्र हेच करते. चेहऱ्याची ठेवण निराळी काढते, हालचाल निराळी. मात्र चित्रफितीत सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे असतात, आणि त्या प्रत्येकातली हालचाल ते आपण होऊन टिपते.

खरी अडचण पुढेच आहे. फोटोत तोंड मिटलेले असेल तर दात कोठून आणावयाचे? यंत्राने आधी असंख्य चेहरे पाहिलेले असतात. त्या जोरावर ते दात अंदाजाने रंगविते. म्हणून कधीकधी दातांची रांग फिकट, एकजीव दिसते. पण या खुणेवर विसंबू नका, ती पुसत चालली आहे.

२०१६ साली जर्मनी-अमेरिकेतील संशोधकांनी साध्या कॅमेऱ्यापुढील माणसाचे हावभाव दुसऱ्याच्या चित्रफितीवर तत्क्षणी उमटवून दाखविले. २०१९ पर्यंत तर एका फोटोवर काम भागू लागले. बनावट आवाजाबरहुकूम ओठ हलविणे हा याच कुळातला प्रकार. विद्या वाईट नाही हो; चित्रपट दुसऱ्या भाषेत नेताना ओठ शब्दांशी जुळविण्यास ती उपयोगीच आहे.

पण पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला, आणि तो अनोळखी नंबरवरून घाईने पैसे मागू लागला, तर चेहऱ्यावर जाऊ नका. फोन ठेवा, आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावा. आजोळच्या बैलाचे नाव विचारा! पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. वेळेवर कळले तर रक्कम वाटेत अडविता येण्याची आशा असते. त्या गृहस्थांनी तसल्याच एका खेळात तुरीचे चार हजार घातले होते, आणि लाजेपायी महिनाभर घरीसुद्धा सांगितले नव्हते.