नावातला सांधा

मराठी वाचणाऱ्या यंत्राला नुसता नियम शिकवला आणि पुढ्यात 'अहमदनगर' ठेवले, तर ते 'अहम्दन्गर' म्हणेल. नगरकर हसतील. पण नियम तसा खोटा नाही. लिहिलेला प्रत्येक 'अ' आपण उच्चारत नाही. शब्दाच्या शेवटचा गळतो. मग शेवटाकडून मागे येताना, ज्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या अक्षरांतले स्वर शाबूत आहेत असा मधला 'अ' गळतो. म्हणून 'बदल'मधला द पूर्ण, पण 'बदली'त अर्धा. 'नगर'मधला ग पूर्ण, पण 'नगरी' बोलताना 'नग्री'.

मग अहमदनगरात हे गणित का फसते? कारण तो जोडशब्द आहे. आपली जीभ अहमद आणि नगर यांच्यामधला सांधा ओळखते, आधी दोन शब्द वेगळे करते आणि मग प्रत्येकाला नियम लावते: अह्‌-मद्‌, न-गर्‌. सांध्यापलीकडचा न शब्दाच्या आरंभी येतो, आणि आरंभीचा 'अ' कधी गळत नाही.

गंमत म्हणजे जामखेड, पारनेर, शेवगाव, संगमनेर ही नावे सांधा न कळताही बरोबर वाचली जातात. खेड, नेर, गाव या एका झटक्यात उच्चारायच्या शेपट्या. त्यांच्या आरंभी गळण्याजोगा 'अ'च नाही. घोळ घालतो तो 'नगर'. प्रवरानगरचेही यंत्र 'प्रव्रान्गर' करून टाकेल.

डच भाषेतही जोडशब्द सलग लिहितात, आणि तिथे सांध्याची पंचाईत आणखी मोठी. 'क्वार्टस्लाखन' हा शब्द 'क्वार्ट'नंतर तोडला तर पाव फेरे, 'क्वार्ट्‌स'नंतर तोडला तर गारगोटीचे थर! लेखन एकच. जोर सहसा पहिल्या घटकावर पडतो, तेव्हा आघातही इथे मदतीला येत नाही. मराठीत तर आघाताने सहसा अर्थ बदलतच नाही; आपल्याकडे सांध्याची खूण आहे ती हा न गळलेला 'अ'.

1725 साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याला मिळाले. नियमाने वाचले तर तेही 'अहिल्यान्गर' होते. मराठी बोलणारी यंत्रे बनवणाऱ्यांनी नव्या नावाबरोबर सांधाही कोशात नोंदवावा: अहिल्या, मग नगर.