साखर आहे? मग डोळ्याचा पडदा दाखवलात का?

गावात डोळ्यांचे शिबिर लागले की आपण रांगेत उभे राहतो. डॉक्टर बॅटरी मारून बघतात, भिंतीवरची अक्षरे वाचायला लावतात. "मोतीबिंदू नाही, नजर चांगली आहे" असे ते म्हणाले की आपण निर्धास्त घरी. एरवी ठीक आहे. पण तुम्हाला मधुमेह, म्हणजे आपल्या भाषेत साखर असेल, तर ही तपासणी अर्धीच झाली असे समजा. साखरेचा खरा घाव बसतो तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, आणि तो असा वरवर बघून कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, किंवा खास कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढावा लागतो.

ठिबकची नळी जुनी झाली की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. कुठे फुगते, कुठे पाझरते, कुठे चोंदते आणि पुढच्या रोपाला पाणी पोचत नाही. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांचे साखरेने हेच होते. नुसते बारीक फुगवटे दिसले तर ती पहिली पायरी. तिथे डोळ्यावर काही करावे लागत नाही. साखर आणि बीपी आटोक्यात ठेवायचे आणि वर्षाच्या आत परत दाखवायचे. रक्ताचे ठिपके वाढले की मधली पायरी, मग साधारण सहा महिन्यांनी चक्कर. डॉक्टर पडद्याचे मनाने चार भाग पाडतात. चारही भागांत भरपूर ठिपके, किंवा दोन भागांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या, किंवा एका भागात वेड्यावाकड्या वाहिन्या, यातले एक जरी ठळक दिसले तरी आजार तीव्र धरतात. अशांपैकी जवळपास निम्म्यांचा आजार वर्षभरात शेवटच्या पायरीवर जातो. म्हणून दोन-चार महिन्यांनी बोलावतात. "सुगी उरकली की बघू" इथे चालत नाही.

शेवटच्या पायरीला रक्त कमी पडलेला पडदा नव्या वाहिन्या फुटवतो. हे वांझ फुटवे. कामाचे तर नाहीतच, वर इतके नाजूक की फुटून डोळ्यात रक्त उतरते, पडदा ओढून सुटू शकतो. याशिवाय पडद्याच्या मध्यभागी सूज येते ती कोणत्याही पायरीवर. सुईत दोरा ओवता येत नाही, ओळी वाकड्या दिसतात, आणि आपण म्हणतो चष्म्याचा नंबर वाढला.

घात असा, की हे सगळे होताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, बऱ्याचदा दिसायलाही स्वच्छ दिसते. देशातल्या चाळिशीपुढच्या मधुमेहींची मोठी पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीत साधारण आठांत एकाच्या पडद्यावर हा आजार सापडला.

उपाय आहेत. नव्या वाहिन्यांना लेसर. भूल थेंबांची, दोन-तीन बैठका, त्याच दिवशी घरी. मात्र लेसर गेलेली नजर आणत नाही, उरलेली राखतो. रात्रीचे आणि कडेचे थोडे कमी दिसू शकते. मधल्या सुजेला डोळ्यात इंजेक्शन, तेही सुरुवातीला दर महिन्याला. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा बधिर केलेला असतो. रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया.

इथे एक गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नव्या वाहिन्यांवरही इंजेक्शन देतात, पण त्याचा असर काही आठवड्यांचा. मध्येच सोडले तर आजार उसळतो. जाण्यायेण्याचे भाडे, बुडणारी मजुरी यामुळे वरचेवर येणे जमणार नसेल तर लाजू नका. "साहेब, मला दर महिन्याला जमायचं नाही" हे ऐकून डॉक्टर लेसरचा विचार करतात, कारण त्याचे काम टिकते.

बीपीचे औषध "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणारे घरोघरी आहेत. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात बीपी काटेकोर ठेवणाऱ्यांचा पडद्याचा आजार सुमारे एक तृतीयांशाने कमी वाढला, हे १९९८ सालीच छापून आले. मध, रस असले काही मात्र डोळ्यात घालू नका. ते पडद्यापर्यंत पोचतच नाही.

मोठ्या वयात साखर निघाली तर त्याच वेळी पडदा दाखवा, कारण ती आत किती वर्षे होती कोणास ठाऊक. पुढे दरवर्षी. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांनी पाच वर्षांच्या आत सुरुवात करावी. आधीपासून साखर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच. परतताना कागदावर पायरी आणि पुढची तारीख लिहून मागा. थेंबांनी काही तास अंधुक दिसते, तेव्हा मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका, पोराला बरोबर घ्या. आणि डोळ्यापुढे अचानक काजळीसारखे ठिपके, धागे तरंगू लागले किंवा एका बाजूने अंधार आला, तर बाजाराचा दिवस असो की लग्नाचा, त्याच दिवशी गाडी पकडा.