आभाळातून पडलेली वस्तू भंगारात घालू नका

डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा अफवांना ऊत आला होता. उद्या आभाळातूनच काही पडले तर? चंद्रपूर जिल्ह्यात तसे खरोखर घडले.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. गुजरातपासून विदर्भापर्यंत लोकांनी आभाळात जळते पट्टे पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे पडले, सुमारे ३ मीटर व्यासाचे. पाठोपाठ पवनपारकडे धातूचा गोळा सापडला. माल भंगारवाल्याकडे न जाता पोलीस ठाण्यात गेला, हे फार बरे झाले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. चीनच्या रॉकेटचे हे अवशेष असावेत, असा अभ्यासकांचा कयास.

केरळात २००१ साली लाल पाऊस पडला, तेव्हाही आधी उल्केचेच नाव निघाले. पाणी तपासले तर शेवाळाचे बीजाणू!

वाडीत, चिकूच्या बागेत असे काही पडले तर पोरासोरांना लांब ठेवा. रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश राहू शकतो. पोलीस पाटील किंवा तलाठ्याला लगेच कळवा. पाऊस रंगीत पडला तर स्वच्छ बाटलीत धरा आणि वर तारीख-वेळ लिहा.