जोडलेलें छायाचित्र : खरें कीं खोटें?

आमच्या बैठकीच्या खोलींत एक जुनें छायाचित्र टांगलेलें आहे. आजोबा व आजी खुर्च्यांवर बसलीं असून मागें त्यांचे तिघे पुत्र उभे आहेत. लहानपणीं एकदां माझ्या ध्यानांत आलें कीं, इतर सर्वांच्या चेहऱ्यांवर उजेड डावीकडून पडला आहे. मधल्या काकांच्या चेहऱ्यावर मात्र तो उजवीकडून आला आहे. वडिलांना विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "तो त्या दिवशीं नव्हताच. दोन वर्षांपूर्वींच विषमज्वरानें गेला होता. आईच्या सांगण्यावरून छायाचित्रकारानें त्याला मागाहून जोडला."

असें चित्र खरें म्हणावें कीं खोटें?

ही कला आजची नव्हे. छायाचित्रणाच्या आरंभींच्या काळांत काचेवरील रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळें जमीन नीट उमटेपर्यंत आकाश अगदीं कोरें पडे. म्हणून फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनीं समुद्र एका काचेवर व ढग दुसऱ्या काचेवर घेऊन दोहोंचें मिळून एक चित्र छापलें. मूळचे स्वीडनचे ऑस्कर रेलँडर यांनीं इ. स. १८५७ सालीं इंग्लंडांत 'जीवनाचे दोन मार्ग' हें चित्र तीसहून अधिक काचा जोडून सिद्ध केलें. मँचेस्टरच्या प्रदर्शनांत तें मांडलें गेलें व राणी व्हिक्टोरियानें त्याची एक प्रत विकत घेतली.

रीत सांगावयास सोपी आहे. प्रकाशग्राही कागदावर एक काच ठेवावयाची, नको तो भाग काळ्या कापडानें झांकावयाचा व हवी ती आकृति उन्हांत उमटवावयाची. मग ती झांकून शेजारीं दुसरी काच. परंतु कडा नेमक्या जुळाव्या लागतात, दूरची आकृति त्या मानानें लहान असावी लागते आणि सर्वांवर उजेड एकाच दिशेचा लागतो. आमच्या काकांचें गुपित फुटलें तें येथेंच.

इ. स. १८५८ मध्यें हेन्री पीच रॉबिन्सन यांनीं पांच काचांपासून एका मरणोन्मुख मुलीचें चित्र केलें. मुलगी वस्तुतः निरोगी होती. तरीहि एवढें खासगी दुःख कॅमेऱ्यापुढें मांडलें म्हणून पुष्कळ प्रेक्षक दुखावले. तोच प्रसंग कुंचल्यानें रंगविला असता, तर एवढा क्षोभ झाला नसता. कारण उघड आहे. चित्रकाराला आपण कवि मानतों, छायाचित्राला साक्षीदार.

म्हणून मला वाटतें, दोष जोडण्यांत नाहीं, लपविण्यांत आहे. रेलँडर यांनीं आपली रीत १८५८ सालीं लंडनच्या छायाचित्रकारांच्या सभेंत स्वतःच विशद केली होती. आज संगणकावर हेंच काम क्षणांत होतें आणि उजेडाची चूकहि सहज झांकली जाते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आतां फारसा भरंवसा ठेवतां येत नाहीं. सांगण्याचें ओझें करणाऱ्यावरच आहे.

आमची आजी कांहीं फसली नव्हती. तिनेंच तें चित्र करविलें होतें. तीन मुलगे एकत्र पाहण्याची तिची इच्छा मला खोटी म्हणवत नाहीं. पण तिच्या पणतवंडांना कोण सांगणार? गेल्या महिन्यांत चौकट उतरवून मीं मागें सर्वांचीं नांवें लिहिलीं व खालीं एक ओळ घातली : "मधले काका मागाहून जोडलेले आहेत, आजीच्या इच्छेवरून." आपल्या घरीं असें चित्र असेल, तर जाणतीं माणसें आहेत तोंवर आपणहि एवढें कराच.