शेतजमिनीचा वारसा : मृत्युपत्र, विश्वस्तव्यवस्था आणि वारसनोंद

खातेदाराच्या निधनानंतर सात-बारा उताऱ्यावर त्याचेच नाव वर्षानुवर्षे राहिल्याची उदाहरणे अनेक गावांत आढळतात. अशा जमिनीवर पीककर्ज वा शासकीय योजनेचा लाभ घेताना प्रत्यक्ष कसणाऱ्या वारसाची अडवणूक होते आणि एका पिढीत राहून गेलेली नोंद पुढील पिढीत दाव्याचे रूप घेते. म्हणून वारशाचे नियोजन हे शेती-व्यवस्थापनाचेच एक अंग मानले पाहिजे.

मृत्युपत्र नसल्यास

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा हिंदूंसह बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. पुरुष खातेदार मृत्युपत्र न करता निवर्तल्यास त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली व आई यांना समान हिस्सा मिळतो. उदाहरणार्थ, मागे आई, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी असल्यास १० एकरांपैकी प्रत्येकास २ एकर येतात. आई आणि विवाहित मुलगी यांचा हिस्सा गृहीत न धरणे, ही नेहमीची चूक होय.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या पूर्ण झालेली वाटणी मात्र अबाधित राहते.

सर्वत्र एकच नियम नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार सामान्यतः एक-तृतीयांशापेक्षा अधिक मिळकत वारसांच्या संमतीविना मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात मुलांसाठी निम्मा वाटा राखीव असतो. काही राज्यांच्या महसूल कायद्यांत वारसांचा क्रम निराळा आहे. स्थानिक तरतूद पाहूनच सल्ला द्यावा.

मृत्युपत्र करताना

सज्ञान व सुदृढ मनाच्या व्यक्तीस मृत्युपत्र करता येते. ते लेखी असावे, त्यावर कर्त्याची सही वा अंगठा असावा आणि किमान दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करावे. ज्याला लाभ मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि पुढील वाद टाळण्यासाठी ती करून घेणे हिताचे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि शेवटचे वैध मृत्युपत्र ग्राह्य धरले जाते.

गट क्रमांक व क्षेत्रासोबत विहिरीतील पाण्याची पाळी, शेतरस्ता, पंप, ठिबक संच, जनावरे आणि थकीत कर्ज यांचाही उल्लेख करावा. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते.

विश्वस्तव्यवस्था

वारस अज्ञान वा दिव्यांग असल्यास भारतीय न्यास अधिनियम, १८८२ अन्वये खासगी न्यासाचा विचार करता येतो. विश्वस्त मिळकत सांभाळतो आणि उत्पन्न लाभार्थीसाठी खर्च करतो. स्थावर मिळकतीचा न्यास नोंदणीकृत दस्ताने किंवा मृत्युपत्राने निर्माण करावा लागतो. शेतजमीन धारण करण्यावर राज्यागणिक निर्बंध असल्याने विधिज्ञाचा सल्ला आधी घ्यावा.

निधनानंतर

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळविणे आवश्यक आहे. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची माहिती देऊन फेरफार करून घ्यावा. फेरफार हा महसुली अभिलेख आहे. त्याने मालकी निर्माण होत नाही वा नाव गाळल्याने वारसाचा हक्क नष्ट होत नाही. बँक ठेवीतील नामनिर्देशित व्यक्तीसही रक्कम स्वीकारण्याचा अधिकार असतो, परंतु तेवढ्याने ती एकमेव वारस ठरत नाही. बहिणींचे हक्कसोडपत्र स्वेच्छेचे व नोंदणीकृत असावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गटसभेत प्रत्येक सभासदास आपल्या ताज्या उताऱ्यावरील नावे तपासण्यास सांगावे. निवर्तलेल्या खातेदाराचे नाव आढळल्यास वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात करावा आणि हयात खातेदाराने आपली इच्छा कुटुंबासमोर बोलून मग लेखी करावी. बांधावरचा तंटा मिटविण्यापेक्षा तो उद्भवू न देणे अल्पखर्चाचे आहे.